प्रशिक्षकांचाही संघ असावा लागतो

(व्याख्यानाचा मजकूर)



गावचा संघ सामना हरला, की मैदानाच्या कडेला उभे असलेले लोक दोन गोष्टी बोलतात. कोणता खेळाडू चुकला ही पहिली, आणि प्रशिक्षकाला काही कळत नाही ही दुसरी. कोणाला वगळले, कोणाला कोठे खेळवले, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. परंतु त्या प्रशिक्षकाच्या शेजारी कोण उभे होते, त्याची चूक त्याला वेळेवर दाखवू शकेल असा एक तरी माणूस त्याच्याजवळ होता की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक अकरा खेळाडूंचा संघ जसा विचारपूर्वक बांधावा लागतो, तसाच तो संघ घडविणाऱ्या माणसांचाही एक संघ बांधावा लागतो. अकराही गोलरक्षक घेऊन सामना खेळता येत नाही. त्याचप्रमाणे एकाच स्वभावाची चार माणसे एकत्र आणून प्रशिक्षणाचे कार्य तडीस जात नाही. निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांतून प्रशिक्षकांचा समर्थ संघ कसा उभा राहतो आणि तो कशामुळे मोडतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सारख्या माणसांचा मोह

कोणत्याही प्रमुखाला साहाय्यक निवडण्याची संधी मिळाली, की तो नकळत आपल्यासारखाच माणूस शोधतो. तापट प्रशिक्षकाला तापट साहाय्यक आवडतो, कारण त्याला तो उत्साही वाटतो. शांत प्रशिक्षकाला शांत साहाय्यक बरा वाटतो, कारण त्याच्याशी वाद होत नाही. काही दिवस सर्व सुरळीत चालते. परंतु तापट माणसे दोन झाली, की रागावून घेतलेल्या खेळाडूची समजूत घालण्यास कोणी उरत नाही. आणि शांत माणसे दोन झाली, की आळसावलेल्या खेळाडूला जागे करण्यास कोणी उरत नाही. ज्या गोष्टीकडे प्रमुखाची दृष्टी जात नाही, तिच्याकडे त्याच्या साहाय्यकाचीही जात नाही. उणीव दुप्पट होते, बळ मात्र तेवढेच राहते.

याउलट भिन्न स्वभावांची माणसे एकत्र ठेवणे कष्टाचे असते. त्यांच्यात मतभेद होतात, कधी अबोला धरला जातो, आणि एखाद्या दिवशी त्यांतील एक जण निघून जाण्याची भाषा करतो. म्हणून पुष्कळ क्लब हा खटाटोपच टाळतात. तो टाळू नये, हे पटण्यासाठी इंग्लंडमधील दोन उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल. त्यांतील पहिले संघ टिकल्याचे आहे आणि दुसरे मोडल्याचे.

लिव्हरपूल, डिसेंबर १९५९

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल शहराचा क्लब १९५४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि पाच वर्षे झाली तरी त्याला वर येता आले नव्हते. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँक्ली हे त्या क्लबचे व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. तिकडे व्यवस्थापक हाच संघाचा मुख्य प्रशिक्षक असतो. शँक्ली हे स्कॉटलंडमधील ग्लेनबक या कोळशाच्या खाणींच्या छोट्या खेड्यातले. बोलणे ओघवते, श्रद्धा ज्वलंत, आणि फुटबॉल हाच त्यांचा दिवसरात्रीचा ध्यास.

नवा व्यवस्थापक आला की जुन्या प्रशिक्षकांना निरोप देतो आणि स्वतःची माणसे आणतो, असा प्रघात तेव्हाही होता आणि आजही आहे. शँक्ली यांना तसे करता आले असते. परंतु त्यांनी बॉब पेझली, जो फेगन व रूबेन बेनेट या क्लबमधील प्रशिक्षकांना बोलावून सांगितले, की कोणाचीही नोकरी जाणार नाही. त्याबरोबर त्यांनी एक अट घातली. प्रत्येकाने परस्परांशी व क्लबशी निष्ठेने वागावे. आणि कोणी दुसऱ्याविषयी चुगली घेऊन आला, तर ज्याच्याविषयी चुगली केली तो नव्हे, तर चुगली करणारा घरी जाईल.

या अटीचे महत्त्व फार मोठे आहे. भिन्न स्वभावांची माणसे एकत्र आली, की मतभेद अटळ असतात, आणि ते हानिकारकही नसतात. हानी होते ती मतभेद पाठीमागून बोलले जातात तेव्हा. शँक्ली यांनी मतभेदांना मनाई केली नाही. त्यांनी चुगलीला मनाई केली. ज्या सभासदांना गावच्या क्लबांचा व मंडळांचा अनुभव आहे, त्यांना या दोहोंतील अंतर निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

सहा माणसे, सहा प्रकृती

पुढील काही वर्षांत या प्रशिक्षकवर्गात आणखी माणसे आली. त्यांच्या प्रकृती एकमेकींपासून किती निराळ्या होत्या, हे पाहण्यासारखे आहे.

स्वतः शँक्ली म्हणजे संघाची हाक. खेळाडूच्या मनात तो जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू आहे असा विश्वास भरावा तर त्यांनीच. परंतु त्यांच्या ठायी एक मोठी उणीव होती. जखमी खेळाडू त्यांना पाहवत नसे. जो खेळू शकत नाही त्याच्याशी ते धड बोलतही नसत; जणू त्याने दुखापत मुद्दाम ओढवून घेतली आहे.

ही उणीव पेझली यांनी भरून काढली. इंग्लंडच्या ईशान्येकडील डरॅम परगण्यातील खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेले हे गृहस्थ १९३९ मध्ये खेळाडू म्हणून क्लबमध्ये आले होते. ते अबोल होते, आणि सभेत बोलणे त्यांना जमत नसे. परंतु त्यांनी अंगमर्दन व दुखापतींवरील उपचार यांचा पत्रद्वारा अभ्यास केला होता. खेळाडू मैदानावरून कसा चालतो एवढे पाहून त्याच्या पायाचे दुखणे त्यांना ओळखता येई, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या पूर्वायुष्यात एक घाव होता. १९५० च्या एफ.ए. चषक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, आणि तरीही अंतिम सामन्यातून त्यांना वगळण्यात आले. संघातून वगळलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

जो फेगन हे लिव्हरपूल शहराचेच सुपुत्र. शँक्ली यांचे तेज किंवा पेझली यांची मर्मदृष्टी त्यांच्यापाशी होती असे नाही. परंतु ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असे ते गृहस्थ होते. ते सहसा आवाज चढवीत नसत. म्हणूनच वर्षातून एखाद्या वेळी ते रागावले, की सगळे चिडीचूप होत. रूबेन बेनेट हे स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे, पूर्वाश्रमीचे गोलरक्षक. शरीर कणखर, गोष्टी सांगण्यात रंगणारे आणि खेळाडूंकडून कसून कसरत करून घेणारे.

पुढे रॉनी मोरन आले. क्लबचे जुने बचावपटू आणि एके काळचे कर्णधार. त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, आणि जिंकलेल्या संघालाही ते सुखाने बसू देत नसत. विजेतेपदाची पदके नव्या हंगामाच्या आरंभी ते खोक्यात भरून आणीत, ज्याला हक्क वाटेल त्याने आपले पदक उचलावे असे सांगत, आणि या वर्षी अजून काहीच जिंकलेले नाही याची त्याच दमात आठवण करून देत. टॉम साँडर्स हे तर शाळामास्तर. शालेय मुलांच्या इंग्लंड संघाला त्यांनी मार्गदर्शन केले होते. क्लबने त्यांच्यावर तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचे काम सोपविले, आणि युरोपातील प्रतिस्पर्धी संघांचा खेळ पाहून त्याचा अहवाल आणण्याचेही. शिक्षकाची निरीक्षणाची सवय येथे कामी आली.

हाक देणारा, दुखणे ओळखणारा, ऐकून घेणारा, कसरत करवून घेणारा, धाक ठेवणारा आणि निरीक्षण करणारा. एकाच माणसाने ही सहाही कामे करावीत अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे त्याला अपयशाच्या वाटेने लावणे होय.

बूट ठेवण्याची खोली

अ‍ॅनफील्ड या क्लबच्या मैदानावर कपडे बदलण्याच्या खोल्यांजवळ एक लहानशी खोली होती. खेळाडूंचे बूट तेथे टांगलेले असत, म्हणून तिला ‘बूट-रूम’ म्हणत. बसायला खुर्च्या नव्हत्या. बिअरची रिकामी खोकी उलटी घालून प्रशिक्षक बसत. दिवसाचा सराव आटोपल्यावर आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे बैठक जमे. कोणाचा पाय दुखतो आहे, कोणाच्या घरी काही अडचण आहे, राखीव संघातील कोणता मुलगा पुढे येतो आहे, मागील सामन्यात गोल कोणाच्या चुकीने झाला, या सर्व गोष्टी तेथे मोकळेपणाने बोलल्या जात. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकांनाही तेथे बोलावून त्यांचे आदरातिथ्य होई. आणि गप्पांच्या ओघात त्यांच्या संघाविषयी उपयुक्त माहिती कळे ती निराळीच.

शँक्ली स्वतः त्या खोलीत क्वचितच बसत. ही बाब किरकोळ नव्हे. प्रमुख समोर असला की साहाय्यक त्याच्या तोंडाकडे पाहून बोलतात. आपल्या माणसांना आपल्यावाचून बोलता येईल अशी जागा ठेवणे, यासाठी प्रमुखापाशी मोठा आत्मविश्वास असावा लागतो.

त्या खोलीचा दुसरा विशेष म्हणजे तेथील वह्या. दररोज काय सराव झाला, किती वेळ झाला, हवा कशी होती, कोणाला दुखापत झाली, याची नोंद हाताने लिहून ठेवली जाई. पुढील वर्षी तशीच अडचण उद्भवली, की जुनी वही काढून पाहता येई. स्मरण प्रत्येकाचे निराळे असते, आणि वादाच्या प्रसंगी तर प्रत्येकाला आपल्या सोयीचेच आठवते. लिहिलेली वही कोणाचीच बाजू घेत नाही. निरनिराळ्या मतांच्या माणसांना एकत्र ठेवण्यास असा एक समाईक आधार असावा लागतो.

कसोटीचा क्षण

या व्यवस्थेची फळे दिसू लागण्यास फार काळ लागला नाही. १९६२ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला. १९६४, १९६६ व १९७३ मध्ये त्याने साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले आणि १९६५ मध्ये प्रथमच एफ.ए. चषक जिंकला. परंतु खरी कसोटी लागली ती जुलै १९७४ मध्ये. शँक्ली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या नावावर क्लब उभा होता असेच सर्वांना वाटत होते, आणि आता सर्व संपले अशी भीती शहरात पसरली.

क्लबने बाहेरून कोणी नामांकित माणूस आणला नाही. त्याच खोलीतील अबोल पेझली यांना प्रमुख केले. त्यांना ते पद नको होते. मोठ्या आग्रहाने त्यांनी ते स्वीकारले. फेगन त्यांचे साहाय्यक झाले, मोरन पहिल्या संघाकडे आले, आणि रॉय इव्हान्स या अवघ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःचा खेळ थांबवून राखीव संघाची धुरा घेतली. पहिल्या वर्षी एकही चषक मिळाला नाही. क्लबने धीर सोडला नाही. त्यानंतर पेझली यांच्या नऊ हंगामांच्या कारकिर्दीत एकूण सहा वेळा साखळी विजेतेपद आणि १९७७, १९७८ व १९८१ असे तीन वेळा युरोपियन चषक क्लबकडे आला. तीन युरोपियन चषक जिंकणारे ते पहिलेच व्यवस्थापक होत. १९८३ मध्ये त्यांची जागा फेगन यांनी घेतली, आणि पहिल्याच हंगामात, म्हणजे १९८४ मध्ये, साखळी विजेतेपद, लीग चषक व युरोपियन चषक अशी तीन मानचिन्हे संघाने पटकावली. सेनापती दोनदा बदलले तरी सैन्य विखुरले नाही, कारण नवा सेनापती प्रत्येक वेळी त्याच खोलीतून बाहेर आला होता.

या कथेला एक करुण बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून चित्र पूर्ण होणार नाही. शँक्ली यांना निवृत्तीचा पश्चात्ताप झाला. ते सरावाच्या मैदानावर येत राहिले. खेळाडू पूर्वीच्याच सवयीने त्यांना आपला प्रमुख म्हणून हाक मारीत, आणि शेजारी उभे असलेल्या पेझली यांची स्थिती अवघड होई. अखेर शँक्ली यांचे येणे थांबले. त्याचे शल्य त्यांच्या मनात १९८१ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. ज्याने व्यवस्था उभी केली त्याला निरोपानंतर कोणते स्थान द्यावे, याचा विचार क्लबने वेळीच केला नव्हता. १९८५ मध्ये तरुण केनी डॅल्ग्लिश प्रमुख झाले तेव्हा मात्र पेझली यांना सल्लागार म्हणून त्यांच्याजवळ ठेवण्यात आले. दुसऱ्याच वर्षी संघाने साखळी विजेतेपद व एफ.ए. चषक ही दोन्ही मिळविली. ज्येष्ठाचा अनुभव आणि तरुणाचा अधिकार यांची सांगड या वेळी नीट घातली गेली.

दुकानाची दर्शनी बाजू आणि आतला माल

दुसरे उदाहरण ब्रायन क्लफ व पीटर टेलर यांचे. दोघांची मैत्री १९५० च्या दशकात मिडल्सबरो क्लबमध्ये खेळत असताना जुळली. क्लफ आघाडीचा धडाडीचा गोल करणारा, तर टेलर गोलरक्षक. क्लफ निर्भय, हजरजबाबी आणि लोकांसमोर बोलण्यात तरबेज. टेलर पडद्याआड राहणारे आणि माणसाची पारख करणारे. आपण दुकानाची दर्शनी बाजू आणि टेलर म्हणजे आतला माल, अशा आशयाचे वर्णन क्लफ यांनीच केले होते.

१९६५ मध्ये हार्टलपूल्स या तळाच्या श्रेणीतील क्लबपासून दोघांनी एकत्र प्रारंभ केला. दुसऱ्या श्रेणीतील डर्बी काउंटी क्लबला त्यांनी वर आणले आणि १९७२ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. १९७४ मध्ये क्लफ एकटेच लीड्स युनायटेड या विजेत्या क्लबकडे गेले. टेलर ब्रायटन येथेच थांबले. लीड्समधील मातब्बर खेळाडूंना क्लफ यांनी पहिल्यापासून दुखावले, आणि त्यांना आवरणारा मित्र शेजारी नव्हता. अवघ्या ४४ दिवसांत त्यांना क्लब सोडावा लागला.

१९७६ मध्ये टेलर नॉटिंगहॅम फॉरेस्ट येथे क्लफ यांना येऊन मिळाले. संघ दुसऱ्या श्रेणीत होता. १९७७ मध्ये तो वर आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० असे लागोपाठ दोन वेळा युरोपियन चषक त्याने जिंकला. केनी बर्न्स या खेळाडूचे उदाहरण बोलके आहे. त्याची ख्याती उनाड म्हणून होती. टेलर यांनी तो कुत्र्यांच्या शर्यतीत किती पैसा लावतो हे स्वतः गुपचूप जाऊन पाहिले, वावड्यांत फारसे तथ्य नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच त्याला क्लबमध्ये घेण्यास संमती दिली. आघाडीला खेळणाऱ्या त्या खेळाडूला बचावफळीत उभे केले गेले, आणि १९७८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरविले. टेलर यांनी पारखावे आणि क्लफ यांनी घडवावे, असे हे कार्य चाले.

मग ही जोडी का मोडली? टेलर १९८२ मध्ये निवृत्त झाले, पण लवकरच डर्बी क्लबचे व्यवस्थापक म्हणून परतले. १९८३ मध्ये त्यांनी फॉरेस्टचा लाडका खेळाडू जॉन रॉबर्टसन याला आपल्या क्लबमध्ये घेतले, आणि तसे करण्यापूर्वी क्लफ यांच्या कानावर घातले नाही. क्लफ यांना हा विश्वासघात वाटला. त्यानंतर दोघे कधीही बोलले नाहीत. १९९० मध्ये टेलर यांचे निधन झाले, तेव्हाही अबोला तसाच होता. पुढे १९९४ मध्ये क्लफ यांनी आपले आत्मचरित्र टेलर यांना अर्पण केले आणि त्यांची उणीव अजून भासते असे त्यात नमूद केले. सांगायचे ते सांगितले गेले, पण ऐकणारा उरला नव्हता.

दोघांचे स्वभाव भिन्न होते म्हणून जोडी मोडली असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. सतरा वर्षे स्वभाव भिन्नच होते. एक गोष्ट समोर बसून सांगावयाची होती, ती सांगितली गेली नाही, आणि तेवढ्याने सर्व संपले. लिव्हरपूलच्या त्या कोंदट खोलीची किंमत येथे कळून येते.

भिन्नता कशात असावी, एकवाक्यता कशात

या दोन्ही उदाहरणांचा बारकाईने विचार केला, तर असे दिसते की स्वभावांची भिन्नता उपकारक ठरते ती काही मर्यादा पाळल्या तरच. खेळ कोणत्या पद्धतीने खेळावयाचा याविषयी मात्र एकवाक्यता असावी लागते. लिव्हरपूलचे सर्व प्रशिक्षक चेंडू आपल्याच सहकाऱ्याकडे साधेपणाने देणे आणि लगेच मोकळ्या जागेत जाणे या एकाच तत्त्वावर श्रद्धा ठेवून होते. वाद होत ते माणसांविषयी आणि उपायांविषयी. मूळ दिशेविषयी नव्हे. दुसरी मर्यादा अशी, की प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले असावे आणि अंतिम निर्णय एकाचाच असावा. खोलीत चार मते असली तरी खेळाडूंसमोर एकच मत जावे. साहाय्यक प्रमुखाचा निर्णय खेळाडूंजवळ जाऊन खोडू लागला, की खेळाडू गटागटांत वाटले जातात.

एक सावधगिरीही सांगणे अगत्याचे आहे. बंद खोलीत फार काळ तीच ती माणसे राहिली, तर बाहेरचे वारे आत येत नाही. आहार, व्यायामशास्त्र, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा पद्धतशीर अभ्यास या गोष्टी जगात पुढे गेल्या. १९९० नंतर लिव्हरपूलला पुन्हा साखळी विजेतेपद मिळविण्यास २०२० पर्यंत थांबावे लागले. याची कारणे अनेक आहेत. ती सर्व त्या खोलीच्या माथी मारता येणार नाहीत. १९९३ मध्ये ती खोलीही पाडण्यात आली. तथापि जुनी माणसे राखताना नव्या विद्येचा एखादा माणूस अधूनमधून आत घ्यावा, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

गोव्याच्या मातीत

गोव्यात फुटबॉलची मुळे खोल आहेत. भातकापणीनंतरच्या शेतांत, चर्चच्या पटांगणांत, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत मुले चेंडू खेळत मोठी होतात. १९८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८४ मध्ये स्वबळावर गोव्याने संतोष चषक जिंकला. आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय साखळी विजेतेपद मिळविले.

वर सांगितलेल्या तत्त्वाचा प्रत्यय येथेही आलेला आहे. २०२० च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस, ऐन हंगामात, एफ.सी. गोवा क्लबच्या परदेशी मुख्य प्रशिक्षकांना पदावरून दूर करण्यात आले. कार्यभार क्लबमधीलच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आला. ते धेंपो क्लबचे माजी खेळाडू, आणि तांत्रिक संचालक म्हणून अनुभवी डेरिक परेरा क्लबमध्ये होते. फेब्रुवारी महिन्यात जमशेदपूरचा पाच गोलांनी पराभव करून संघाने साखळी फेरीतील अग्रस्थानाची ढाल पटकावली, आणि आशियाई अजिंक्य क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. घर सांभाळणारी माणसे घरातच तयार असली, म्हणजे कर्ता गेला तरी चूल विझत नाही.

मोठ्या क्लबांना गोलरक्षकांसाठी, शरीरसामर्थ्यासाठी व खेळाच्या चित्रफितींच्या अभ्यासासाठी निरनिराळे प्रशिक्षक नेमता येतात. गावच्या क्लबला किंवा शाळेला हे कोठून परवडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु लिव्हरपूलच्या त्या खोलीतही पैसा नव्हता; उलटी घातलेली खोकी होती. गावात जुना बचावपटू असतो, ज्याचा आवाज अजून घुमतो. निवृत्त गोलरक्षक असतो, ज्याला कोणी विचारीत नाही. शाळेत असा एखादा शिक्षक असतो, ज्याच्यापाशी मुले घरचे दुःख सांगतात. आरोग्य केंद्रात एखादी परिचारिका असते, जिला मुरगळलेला पाय आणि मोडलेला पाय यांतील फरक कळतो. पंचायतीत सुवाच्य अक्षराचा एखादा कारकून असतो, जो नोंदवही नीट ठेवील. मुलींचा संघ असेल तर प्रशिक्षकवर्गात एक तरी जाणती स्त्री असणे अत्यावश्यक मानावे. या माणसांनी आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या जागी, तासभर बसावे. प्रत्येकाने आपले मत समोरासमोर मांडावे. जे ठरेल ते वहीत लिहावे. आणि शँक्ली यांची अट पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, की येथे मतभेद चालतील, चुगली चालणार नाही.

शिक्षकांनी या कार्यात मागे राहू नये. आपल्याला खेळाचा मोठा अनुभव नाही, असे म्हणून पुष्कळ शिक्षक संकोचतात. लिव्हरपूलचे साँडर्स शिक्षक होते. आपल्याकडे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हेही मूळचे शिक्षकच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. मुलाचा कल ओळखणे आणि त्याला धीराने घडविणे हे शिक्षकाचे नित्याचे काम आहे.

हे सर्व करावयाचे कशासाठी? चषकांसाठी तर खरेच, परंतु केवळ त्यासाठी नव्हे. तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा एका सायंकाळी प्रशिक्षकाचा कठोर शब्द ऐकून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. एकट्या प्रशिक्षकाच्या ते ध्यानातही येत नाही, कारण त्याच्यासमोर वीस मुले असतात. अशा वेळी ज्याला ती रिकामी जागा दिसेल, वाट वाकडी करून जो त्या मुलाच्या घरी जाईल आणि उद्या ये म्हणून सांगेल, असा दुसऱ्या स्वभावाचा माणूस तेथे असावा लागतो. तो नसेल तर एक खेळाडू कमी होतो, आणि तो कोठे गेला याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. प्रत्येक गावाने व प्रत्येक शाळेने येत्या हंगामापूर्वी एकदा आपल्या मैदानाकडे पाहावे, आणि प्रशिक्षकाशेजारी अशी माणसे उभी आहेत की नाहीत, हे स्वतःलाच विचारावे.